विमानतळ कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पैशाने?



मुंबईच्या विमानतळाचा विषय कामगार-शेतकऱ्यांच्या व्यासपीठावर कशासाठी, असे पुष्कळांना वाटेल. ज्या जनतेचे आयुष्य एस.टी.च्या थांब्यावर आणि लोकलच्या फलाटावर ताटकळण्यात जाते, तिचा विमानाशी संबंध तो काय? परंतु विमान आकाशात उडत असले तरी विमानतळाला जमीन लागते, पैसा लागतो, श्रम लागतात. ती जमीन कोणाची होती, तो पैसा कोणी दिला, ते श्रम कोणी केले आणि अखेरीस मालकी कोणाकडे गेली, हे चार प्रश्न विचारले की हा विषय आपोआप याच व्यासपीठाचा होतो.

आरंभ इतिहासापासून करणे योग्य होईल. मुंबईतील नागरी विमानवाहतूक सुरू झाली ती जुहूच्या तळावर. हा तळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका छोट्या विमानातून तेथे उतरले. समुद्रकाठच्या सखल जमिनीवरील हा तळ पावसाळ्यात निरुपयोगी होई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझचा तळ वापरला आणि युद्धानंतर तो नागरी वाहतुकीच्या कामी आला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने आंतरराष्ट्रीय हवाई मार्गावर पाऊल टाकले. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार विमानतळांसाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. जुहू ते सांताक्रूझ आणि सांताक्रूझ ते सहार या वाटचालीत ओतलेला पैसा मुख्यत्वे सार्वजनिक तिजोरीतला होता.

विमानतळ म्हणजे धनिकांचे ठिकाण, हा समज सत्तरच्या दशकातच मोडीत निघाला. आखाती देशांत तेलाचा पैसा खेळू लागला आणि रत्नागिरी-रायगडमधील गवंडी, सुतार, चालक, खलाशी पोटासाठी तिकडे निघाले. १९७९ च्या सप्टेंबरात सांताक्रूझच्या इमारतीला भीषण आग लागली, त्यानंतर तात्पुरती जी सोय उभारली गेली तिचे नावच ‘गल्फ टर्मिनल’ असे पडले. १९८१ साली सहारचे नवे टर्मिनल सुरू झाले. त्याच्या दाराशी निरोप देणाऱ्या कुटुंबांची गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना विमानतळ हा श्रमिकांच्याही जीवनाचा भाग आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

याच विमानतळाच्या कुंपणालगत झोपडपट्ट्या वाढत गेल्या. त्या कशा वाढल्या? कॅथरीन बू या अमेरिकन लेखिकेने २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स’ या पुस्तकात सहारजवळच्या अण्णावाडीचे वास्तव मांडले. १९९१ साली धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी तामिळनाडूतून मजूर आणले गेले. काम संपल्यावर त्यांनी लगतची दलदलीची जागा भराव घालून राहण्याजोगी केली आणि तेथेच वस्ती केली. ज्यांच्या हातांनी धावपट्टी दुरुस्त झाली, त्यांनाच सरकारी दप्तरात अतिक्रमक ही संज्ञा मिळाली!

आता आधुनिकीकरणाकडे वळू. नव्वदच्या दशकानंतर प्रवासी वाढले, जुन्या इमारती अपुऱ्या पडू लागल्या, सोयींची दुरवस्था झाली, हे मान्यच केले पाहिजे. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्याने दोन्हींचा एकाच वेळी पूर्ण उपयोग होत नाही, ही अडचणही खरी. प्रश्न सुधारणा हवी की नको हा नव्हताच. ती कोणी करावी, हा होता. २००६ साली केंद्र सरकारने मुंबई व दिल्ली हे कमाईचे दोन विमानतळ खासगी कंपन्यांच्या हाती देण्याचा निर्णय घेतला. त्या फेब्रुवारीत विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला. मोठ्या विमानतळांच्या कमाईवर लहान गावांचे तोट्यातील विमानतळ चालतात, ती कमाई बाहेर जाऊ देऊ नका, असे कर्मचाऱ्यांचे म्हणणे होते. संप मागे घ्यावा लागला. मुंबईच्या विमानतळातील ७४ टक्के वाटा खासगी भागीदारांकडे गेला, प्राधिकरणाकडे २६ टक्के उरला आणि एकूण महसुलातील ३८.७ टक्के हिस्सा प्राधिकरणाला देण्याचे ठरले.

खासगी क्षेत्र भांडवल आणते, असा या व्यवहारामागचा युक्तिवाद. प्रत्यक्षात काय घडले? १ एप्रिल २००९ पासून मुंबईच्या प्रवाशाकडून विकास शुल्क वसूल होऊ लागले. देशांतर्गत प्रवासाला १०० रुपये आणि परदेश प्रवासाला ६०० रुपये. इमारत उभी राहण्याआधीच तिची किंमत प्रवाशाच्या खिशातून काढली जात होती. नियामक प्राधिकरणाच्या मंजुरीवाचून चाललेली ही वसुली सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये थांबवली. पुढे मंजुरी घेऊन ती पुन्हा सुरू झाली. जमीन सार्वजनिक, भांडवलाचा एक भाग प्रवाशांचा, मग जोखीम पत्करल्याचे श्रेय खासगी मालकाला कशासाठी?

सार्वजनिक क्षेत्राला हे जमलेच नसते, असेही सांगितले जाते. त्याच सुमारास कोलकाता आणि चेन्नई येथील नवी टर्मिनल्स सरकारी प्राधिकरणाने स्वतः बांधली आणि २०१३ च्या जानेवारीत त्यांची उद्घाटने झाली. चेन्नईच्या छताचे भाग पुढे वारंवार कोसळले, हा दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु त्यावर उपाय बांधकामाची गुणवत्ता आणि जबाबदारी निश्चित करणे हा आहे. मालकी विकल्याने छत मजबूत होत नाही.

मुंबईचे झगमगीत नवे टर्मिनल २०१४ साली खुले झाले. वर्षाला चार कोटी प्रवाशांची क्षमता असलेली ही वास्तू देखणी आहे, यात वाद नाही. मात्र विमानतळाच्या सुमारे दोन हजार एकरांपैकी २७६ एकरांवर राहणाऱ्या सुमारे ८० हजार कुटुंबांचे पुनर्वसन हा याच आधुनिकीकरणाचा दुसरा भाग होता. २००७ साली त्याचे कंत्राट एका बांधकाम कंपनीला दिले गेले आणि २०१३ साली ते रद्द झाले. कुर्ल्यात बांधलेली हजारो घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिली. टर्मिनल पूर्ण झाले, पुनर्वसन मात्र रखडले. अग्रक्रम कोणाला होता, हे यावरून उघड होते.

खाडीपलीकडे, पनवेल-उरणच्या भूमीत, हाच प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहिला. नवी मुंबईसाठी सिडकोने चालवलेल्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यांच्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व निघाले. पुढे विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, वाघिवली अशी दहा गावे उठली, तेव्हा हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर नेणे सरकारला भाग पडले. डोंगर सपाट झाला, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमाने उडाली. त्या गावांच्या आगरी-कोळी बांधवांना जे मिळाले ते कोणाच्या औदार्याने मिळालेले नाही. ते संघटित लढ्याने मिळवलेले आहे.

आणि आता शेवटचा प्रश्न, मालकीचा. खासगीकरण आले ते स्पर्धेची ग्वाही देत. २०२१ साली मुंबईच्या विमानतळाचा ताबा अदानी समूहाकडे गेला. नवी मुंबईच्या विमानतळातही ७४ टक्के वाटा त्याच समूहाचा आहे. एका महानगराचे दोन्ही विमानतळ एका हाती! याला स्पर्धा म्हणायचे, तर मक्तेदारी कशाला म्हणायचे?

समाजवाद्यांचा आधुनिकीकरणाला विरोध नाही. त्यांची मागणी हिशेबाची आहे. दोन्ही विमानतळांची जमीन, उत्पन्न आणि प्रवासी शुल्क यांचे लेखापरीक्षण महालेखापालांकडून होऊन ते संसदेपुढे व विधिमंडळापुढे आले पाहिजे. जवळपास पक्के घर दिल्यावाचून एकही झोपडी हलवता कामा नये. सामान चढवणारे, सफाई करणारे, पहारा देणारे हात कंत्राटदाराच्या मर्जीवर न ठेवता त्यांना समान कामाला समान वेतन आणि नोकरीची शाश्वती मिळाली पाहिजे. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना प्रशिक्षण देऊन या नोकऱ्यांत प्राधान्य दिले पाहिजे. यांतील एकही मागणी आपोआप पदरात पडणार नाही. झोपडीवासी, विमानतळ कामगार आणि प्रकल्पग्रस्त शेतकरी आजवर वेगवेगळे लढले. त्या तिघांची एक संयुक्त समिती उभी करणे, हे कार्यकर्त्यांपुढचे पहिले काम आहे.