स्वस्त लॅपटॉप: एक गाभा की दोन?



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि अर्थकारणावर बोलणारे थोर वक्ते आपण ऐकले आहेत. त्यांच्या मागोमाग आम्ही बाजारातल्या एका वस्तूविषयी बोलावयास उभे राहिलो आहोत, याची आम्हांला जाणीव आहे. पण बेताच्या पैशांत लॅपटॉप घ्यावयाचा झाला तर त्याच्या प्रोसेसरला एक गाभा असावा की दोन, हा प्रश्न ज्याच्या घरात एकदा चुकला आहे तो त्याला क्षुल्लक म्हणणार नाही. आमच्या घरात तो चुकला आहे.

शब्दांचे आधी सांगून टाकतो. ज्याला दुकानदार ‘कोअर’ म्हणतो त्याला आम्ही गाभा म्हणतो. आपण दुकानात जाल तेव्हा मात्र सिंगल कोअर आणि ड्युअल कोअर असेच विचारा, नाहीतर तो आपल्याला केळीचा गाभा शोधायला मंडईत पाठवील.

आमची धाकटी बहीण काशीदला दिली आहे. अलिबागहून मुरूडकडे जाताना सुरूच्या बनाला लागून तो पांढऱ्या वाळूचा किनारा लागतो, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तिची तिथे घरगुती खाणावळ आहे. हिशेब लिहावयाला आणि मुलीच्या अभ्यासाला म्हणून मेहुण्यांनी २०१९ साली एक लहानसा जुना लॅपटॉप विकत घेतला. विकणाऱ्याने त्यांना पडद्यावर दोन आलेख हलताना दाखविले आणि सांगितले, “बघा, दोन आहेत.” मेहुण्यांनी दोन मोजले आणि पैसे दिले.

पुढे २०२० साल उजाडले. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या या किनाऱ्यावर आले. सुरूची झाडे आडवी झाली, वाड्यांतल्या पोफळी मोडल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. वीज आली तेव्हा शाळा पडद्यावर भरू लागली होती. आमची भाची त्या लॅपटॉपपुढे बसे. गुरुजींचे तोंड हले, आवाज मागाहून येई, मग दोन्ही थांबत. विचारलेल्या प्रश्नाला तिचे उत्तर पोचेपर्यंत वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असे. सगळ्यांनी दोष दिला मोबाइलच्या मनोऱ्याला, आणि तो निर्दोष होता असेही नाही. पण रस्त्यालगत, जिथे रेंज चांगली, तिथे बसूनही तेच होऊ लागले. चार आठवड्यांनी ती आईला म्हणाली, “मलाच समजत नसेल.” हे वाक्य बहिणीने फोनवर सांगितले तेव्हा आम्ही ते यंत्र उघडून पाहावयाचे ठरविले. त्यात इंटेलचा ॲटम एन २७० निघाला. हा २००८ सालचा प्रोसेसर, वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि गाभा एकच.

मग ते दोन आलेख कसले? याचे उत्तर खाणावळीच्या स्वयंपाकघरात सापडते. एकच बाई भाकऱ्या थापते आहे. तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत तिचे हात रिकामे राहू नयेत म्हणून तिच्यापुढे पिठाचे दोन गोळे ठेवले. हात थोडे अधिक चालतील, पाच भाकऱ्यांच्या वेळात सहा होतील. पण बाई एकच. या युक्तीला हायपर-थ्रेडिंग म्हणतात, आणि विंडोज ७ मध्ये तिच्यामुळे एका गाभ्याचेही दोन आलेख दिसतात. विकणारा खोटे बोलला की त्यालाही ठाऊक नव्हते, हे आम्ही सांगू शकत नाही. विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ असे दोन आकडे वेगळे दाखवितात. पाहावयाचा तो पहिला.

आता खरोखरीच दुसरी बाई स्वयंपाकघरात आली असे समजू. रविवारी मुंबईची मंडळी पंगतीला बसली आहेत. एक सुरमई तळते, दुसरी भाकरी करते, आणि पंगत खोळंबत नाही. पण दोघी मिळून एकच भाकरी निम्म्या वेळात भाजू म्हणतील तर ते व्हावयाचे नाही. हीच गोष्ट जीन ॲमडाल यांनी १९६७ साली गणिताने मांडली. साठ मिनिटांच्या कामापैकी निम्मेच वाटून घेण्याजोगे असेल, तर दोन जणांना ते करावयाला तीस नव्हे, पंचेचाळीस मिनिटे लागतात. तेव्हा ‘दोन गाभे म्हणजे दुप्पट वेग’ असे कोणी सांगितले तर आपण हसून पुढे जावे. दुसऱ्या गाभ्याचा खरा लाभ खोळंबा टळण्यात आहे. पडद्यावरच्या शाळेत यंत्राला गुरुजींचे चित्र उलगडावे लागते, त्याच क्षणी मुलीचे चित्र गुंडाळून पाठवावे लागते, आवाज सांभाळावा लागतो आणि पाठीमागे विषाणूंची झडतीही चालू असते. एकटी बाई इतके करू लागली की कढी उतू जाते.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. २०११ साली इंटेलने सेलेरॉन बी ७१० आणि बी ८०० असे दोन स्वस्त प्रोसेसर आणले. पहिला १.६ गिगाहर्ट्झचा, दुसरा १.५ चा. वेगाचा आकडा पाहणारा पहिला उचलील. पण पहिल्याला गाभा एक आणि दुसऱ्याला दोन. नावावरून काही कळावे अशी सोय कंपनीने ठेविलेली नाही.

हे दुसरे गाभे आले तरी का? २००४ पर्यंत कारखानदार एकाच गाभ्याचा वेग वाढवीत होते. पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झला पोचला आणि तिथेच अडला, कारण तबकडी इतकी तापू लागली की ती थंड ठेवणे परवडेना. तेव्हा २००५ पासून घरगुती यंत्रांत एकाच तबकडीवर दोन गाभे बसू लागले. ही कल्पना आपल्या पुण्याला नवी नव्हती. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो अनेक लहान प्रोसेसरांना एकत्र कामाला जुंपूनच. अवघड काम होते ते एकाचे काम अनेकांत वाटण्याचे, आणि आजही ते अवघडच आहे.

कोणी विचारील, मग एका गाभ्याचे यंत्र भंगारातच टाकावे काय? आमचे तसे म्हणणे नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीच्या छोट्या शाळेत २००७ साली मुलांना एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप देण्यात आले. त्यांत ४३३ मेगाहर्ट्झचा एकच गाभा आणि २५६ मेगाबाइट स्मृती. तरी मुले त्यावर चित्रे काढीत, लिहीत. त्याची प्रणालीच अशी रचलेली होती की पडद्यावर एका वेळी एकच काम असावे. भाचीच्या यंत्राने तरी काय पाप केले होते? त्याच्याकडून जे मागितले गेले ते त्याच्या जन्मवेळी कोणी मागत नव्हते.

म्हणून आज जुना लॅपटॉप घेणाऱ्याला आमचे सांगणे असे. बहुतेक स्वस्त लॅपटॉपांत प्रोसेसर मूळ पाटीला डाख देऊन बसविलेला असतो. तो मागाहून बदलता येत नाही. फिरती डिस्क काढून एसएसडी घालता येते, आणि यंत्र सुरू व्हावयाला लागणारा वेळ त्याने जितका वाचतो तितका दुसऱ्या गाभ्याने वाचत नाही. स्मृतीही पुष्कळ यंत्रांत वाढविता येते. पण तिला मर्यादा असते. मेहुण्यांच्या यंत्रात ती २ गिगाबाइटच्या पुढे जाईना. तेव्हा पैसे मोजताना आधी गाभे पाहावेत, मग स्मृती कुठवर वाढते ते, आणि डिस्क शेवटी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने निदान दोन गाभे आणि ४ गिगाबाइट स्मृती ही अटच घातली आहे. नुसते दोन गाभे असून भागत नाही. मान्य प्रोसेसरांच्या यादीत बहुतेक २०१७ नंतरचेच आहेत. त्याहून जुन्या दुगाभी यंत्रावर लिनक्स घालावे, ते चालते.

नवे यंत्र घेणाऱ्याला हा पेच उरलेला नाही. इंटेलच्या २०२३ सालच्या एन १०० सारख्या स्वस्त प्रोसेसरलाही चार गाभे असतात.

त्या वर्षी गणपतीच्या आधी आम्ही भाचीसाठी दोन गाभ्यांचा, ४ गिगाबाइट स्मृतीचा एक वापरलेला लॅपटॉप काशीदला नेऊन दिला. रेंजची रडकथा काही दिवस चाललीच, पण तिची उत्तरे वेळेवर पोचू लागली. जुने यंत्र खाणावळीच्या गल्ल्यावर आहे. त्यावर फक्त हिशेब लिहितात. हिशेब चालू असताना गाणे लावू म्हणणाऱ्याला बहीण ओरडते.