वैद्यकाचा विद्यार्थी आणि सायंकाळचे दोन तास

पुणें स्टेशनांतून बाहेर पडलें म्हणजे थोड्याच अंतरावर ससून रुग्णालयाची जुनी दगडी इमारत दृष्टीस पडते. डेव्हिड ससून यांच्या देणगीच्या आधारानें उभें राहिलेलें हें रुग्णालय १८६७ सालीं सुरू झालें. त्याच्याच शेजारीं बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वीच्या वैद्यकीय शाळेला महाविद्यालयाचें रूप १९४६ सालीं मिळालें. दरवर्षीं नवा वर्ग भरूं लागला कीं लातूर, नांदेड, सांगली, जळगांव अशा ठिकाणांहून निवडून आलेलीं मुलें व मुली पेट्या-पिशव्या घेऊन याच स्टेशनावर उतरतात. पोहोंचवावयास आलेले वडील निरोप घेतांना मुलीला बहुधा एकच वाक्य सांगतात, "आतां दुसरें कांहीं पाहूं नकोस, फक्त अभ्यास कर." आईचें वाक्य निराळें असतें. ती म्हणते, "वेळेवर जेवत जा, आणि चार चांगल्या मैत्रिणी जोड." गाडी निघून जाते आणि हीं दोन वाक्यें मुलीपाशीं राहतात. पुढचीं पांच-साडेपांच वर्षें तीं एकमेकांशीं भांडत असतात.

वडिलांचें म्हणणें निराधार आहे असें कोणी म्हणूं नये. वैद्यकाचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, आणि त्यावर रुग्णालयांतील उमेदवारीचें एक वर्ष. पहिल्याच वर्षीं शरीररचनाशास्त्राचा डोंगर समोर उभा राहतो. प्रौढ माणसाच्या देहांत २०६ हाडें असतात; परंतु त्यांचीं नुसतीं नांवें पाठ करून भागत नाहीं. प्रत्येक हाडावरचा कंगोरा कोणता, कोणता स्नायू कोठें उगम पावतो व कोठें जडतो, त्याला कोणती नस पोहोंचते, हें सारें शवविच्छेदनाच्या टेबलापाशीं उभें राहून शिकावें लागतें आणि परीक्षकासमोर तोंडीं सांगावें लागतें. व्याख्यानांना ७५ टक्के व प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी भरली नाहीं, तर परीक्षेलाच बसतां येत नाहीं. अशा अभ्यासांत एक आठवडा मागें पडला, तर तो भरून काढावयास महिना लागतो.

परंतु येथेंच एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. या महाविद्यालयाच्या दारापर्यंत जो विद्यार्थी येतो, तो एकट्यानें अभ्यास करून आलेला असतो. २०१६ पासून सर्व देशाची प्रवेश-परीक्षा एकच झाली आहे, आणि तिच्यासाठीं दोन-दोन वर्षें खोलीचें दार लावून बसण्याची संवय त्याला जडलेली असते. शेजारचा मुलगा त्याला सोबती वाटत नाहीं, प्रतिस्पर्धी वाटतो. आणि मग तो अशा विद्येच्या घरांत शिरतो कीं जेथें एकट्यानें कांहींच होत नाहीं. शवविच्छेदनाच्या टेबलाभोंवतीं टोळी असते, रुग्णांच्या कक्षांत टोळी असते, रात्रपाळींत परिचारिका, कक्षसेवक व वरिष्ठ डॉक्टर यांच्यावांचून पान हालत नाहीं. जी संवय त्याला येथवर घेऊन आली, तीच पुढें त्याची अडचण होते.

या अडचणींतून बाहेर पडतांना विद्यार्थी दोन प्रकारें चुकतात. एक वर्ग दार अधिकच घट्ट लावून घेतो. पुस्तकाचें तेंच पान चार वेळां वाचून झालें तरी डोक्यांत कांहीं उतरत नाहीं, आणि तें कोणाला सांगण्याचीहि सोय राहत नाहीं. पहिल्या चांचणींत कमी गुण पडले कीं, जो आपल्या गांवांत नेहमीं पहिला येत असे, त्याला घरीं पत्र किंवा फोन करणेंहि जड जातें. दुसरा वर्ग उलट दिशेनें जातो. अमृततुल्याच्या दुकानीं एक चहा, त्यावर दुसरा. मग वसतिगृहाच्या खोलींत बैठक. ती अकरा वाजतां बसते ती दोन वाजतां मोडते. त्यांत विश्रांति मिळत नाहीं, आणि आनंद मिळाला असेंहि सकाळीं कोणाला आठवत नाहीं. दोघांनाहि वडीलधारे एकच उपाय सांगतात, तो म्हणजे वेळापत्रक. परंतु तराजूनें तोलल्यासारखे तास वांटून भिंतीवर लावलेला कागद सहसा आठवड्यापलीकडे टिकत नाहीं. कारण अमुक वेळीं मित्रांना भेटावें एवढेंच तो सांगतो, भेटून काय करावें हें सांगत नाहीं.

या प्रश्नाचें एक उत्तर पुण्यानें स्वतःच्या इतिहासांत देऊन ठेवलें आहे. १९२७ सालीं साताऱ्यास जन्मलेले श्रीराम लागू हे याच बी. जे. महाविद्यालयांत वैद्यक शिकले. विद्यार्थिदशेंतच ते नाटकांत कामें करूं लागले. पुढें भालबा केळकर यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेंत त्यांचें नाटक वाढलें. त्यांच्यानंतर पंढरपूरचे जब्बार पटेल आले. ते बालरोगतज्ज्ञ झाले, आणि त्याच संस्थेंत दिग्दर्शकहि झाले. त्यांच्यामागून मोहन आगाशे आले. ते मानसोपचारतज्ज्ञ झाले व त्याच महाविद्यालयांत शिकवूं लागले. नाटककार सतीश आळेकर यांनीं तर तेथेंच जीवरसायनशास्त्र विभागांत अनेक वर्षें नोकरी केली. १६ डिसेंबर १९७२ रोजीं भरत नाट्य मंदिरांत विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हां दिग्दर्शक जब्बार पटेल होते आणि नाना फडणविसांच्या भूमिकेंत मोहन आगाशे होते. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारांतून मराठी रंगभूमीला इतकीं माणसें मिळावींत, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नाहीं.

तालमीचें स्वरूप पाहिलें म्हणजे याचा उलगडा होतो. तालीमसुद्धां मित्रांची बैठकच असते. परंतु तिला आरंभ असतो, शेवट असतो आणि काम असतें. 'घाशीराम'मध्यें बारा ब्राह्मणांची एक रांग आहे. ती गाते, नाचते, आणि पाठ फिरवून उभी राहिली कीं तिचाच पडदा होतो. त्या रांगेंतला एकजण आला नाहीं, तर पडद्याला भोंक पडतें. आपल्यावांचून अकरा जणांचें अडतें, ही जाणीव माणसाला वेळेवर उठवते, आणि वेळेवर घरींहि पाठवते. सहा वाजतां तालमीला पोहोंचावयाचें असेल, तर चार वाजतां पुस्तक उघडावें लागतें. ज्याची सायंकाळ मोकळी असते, तो मात्र दुपारचा अभ्यास सायंकाळवर आणि सायंकाळचा रात्रीवर ढकलीत राहतो. १९६३ पासून पुण्यांत महाविद्यालयांच्या एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा पावसाळ्यांत होत आली आहे. तिच्या तालमींत दोन महिने घालविलेला विद्यार्थी हुशार असेल वा नसेल, दुसऱ्याचें वाक्य संपेपर्यंत थांबावयास तो शिकतो. रुग्णाच्या खाटेपाशीं या शिक्षणाचा उपयोग पुस्तकाइतकाच होतो.

येथें कोणी रास्त शंका घेईल, कीं हीं नामांकित माणसांचीं उदाहरणें झालीं. नाटकाच्या नादीं लागून ज्यांचीं वर्षें फुकट गेलीं, त्यांचीं नांवें कोण सांगतो? ही शंका खरी आहे, आणि तिचें उत्तर या नामांकितांच्याच चरित्रांत आहे. श्रीराम लागूंनीं पदवी घेतली, नाक-कान-घशाच्या शस्त्रक्रियेचें शिक्षण घेतलें, पुण्यांत व्यवसाय केला, अधिक शिक्षणासाठीं ते कॅनडा व इंग्लंड येथें गेले, आफ्रिकेंत टांझानियांतील टबोरा येथें त्यांनीं रुग्ण तपासले. आणि मग १९६९ सालीं, चाळिशी उलटल्यावर, ते पूर्ण वेळ नट झाले. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधले आप्पासाहेब बेलवलकर त्यांनीं १९७० सालीं उभे केले. तराजूचें एक पारडें अखेर खालीं गेलें, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु जें सोडावयाचें तें त्यांनीं आधीं पुरें शिकून घेतलें होतें. अर्धवट विद्या हातीं धरून ते रुग्णांपुढें उभे राहिले नाहींत, हा या गोष्टींतला महत्त्वाचा भाग आहे. नाटकांत वाक्य विसरलें तर विंगेंतून प्रॉम्प्टर तें पुरवितो, आणि तोहि चुकला तर प्रेक्षक हंसतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोहिणी कोणती हें विसरलें, तर त्याची किंमत दुसरा कोणीतरी भरतो. म्हणून परीक्षेच्या आधीं तालीम थांबली पाहिजे, याबद्दल दुमत होण्याचें कारण नाहीं.

तथापि सोबतीची गरज ही चैन आहे, असा समज यावरून कोणी करून घेऊं नये. ही गरज केवढी मोठी आहे हें पाहण्यासाठीं मागें जावें लागतें, तेंहि पुण्याशींच जडलेल्या एका नांवापाशीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीवांचून अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या. थंडी अनोळखी, अन्न अनोळखी, प्रकृति तोळामासा. त्या परक्या देशांत थिओडिशिया कार्पेंटर या बाईंचें घर त्यांना मिळालें. मैत्री पत्रांतून जमली होती. भेटीनंतर ती माहेरासारखी झाली. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, व त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें ती आजहि आहे. शिक्षणाच्या काळांत जोडलेलें माणूस किती जवळचें होऊं शकतें, हें याहून अधिक सांगावयास नको.

आज महाराष्ट्रांतील कित्येक मुलें वैद्यक शिकण्यासाठीं रशिया, जॉर्जिया, फिलिपाइन्स, अगदीं कॅरिबियन बेटांपर्यंत जातात. परत आल्यावर त्यांना येथें पात्रता-परीक्षा द्यावी लागते; ती पद्धत २००२ पासून आहे. त्यांच्यापुढेंहि प्रश्न तोच असतो. आपल्याच भाषेंतल्या दहा जणांत बसून रात्री घालवाव्या, कीं दार लावून घ्यावें? त्यांनाहि भरत नाट्य मंदिराच्या तालमींतलें उत्तर उपयोगी पडेल. नाटकच पाहिजे असें नाहीं. गाण्याचें मंडळ चालेल, खेळाचा संघ चालेल, आठवड्यांतून दोनदां चौघांनीं मिळून स्वयंपाक करणें चालेल, एकमेकांची तोंडी परीक्षा घेणारी अभ्यासाची टोळीहि चालेल. दोनच गोष्टी पाहाव्या. त्या बैठकीला उठण्याची वेळ ठरलेली असावी, आणि तेथें आपण गेलों नाहीं तर कोणाचें तरी अडावें.

अशा सायंकाळीं वैद्यकाच्या हिशेबांत वायां गेल्या असें दिसत नाहीं. वृद्धापकाळीं स्मृति हरवलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका 'अस्तु' या चित्रपटांत मोहन आगाशे यांनीं केली. आणि मनाच्या खिन्नतेवरील 'कासव' या चित्रपटाचे ते एक निर्माते होते. २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. स्मृतिभ्रंश आणि खिन्नता हीं दुखणीं ज्या घरांत लपवून ठेवलीं जातात, त्या घरापर्यंत मानसोपचाराचें पुस्तक पोहोंचत नाहीं, चित्रपट पोहोंचला. विद्यार्थिदशेंतली तालीम आणि रुग्णालयांतलें काम येथें एकत्र आलें.

रात्रीं नऊ वाजतां तालीम आटोपून ती मुलगी वसतिगृहाकडे परतते. वाटेंत ससूनच्या खिडक्यांतून दिवे दिसत असतात. पांच वर्षांनीं त्यांपैकीं एखाद्या दिव्याखालीं रात्रपाळीला तिलाच उभें राहावयाचें आहे. खोलीवर आल्यावर ती हाडांचें पुस्तक उघडते, आणि शेजारच्या खोलींतली मैत्रीण दाराशीं येऊन म्हणते, "चल, आधीं तूं मला विचार, मग मी तुला विचारते." वडिलांचें वाक्य आणि आईचें वाक्य त्या टेबलापाशीं भांडण मिटवून एकत्र बसतात.