सुट्टीतला नौकाविहार

श्रोतेहो, सुट्ट्या लागल्या की आपल्या मनोर-पालघरकडची मंडळी पोराबाळांसह किनाऱ्याकडे निघतात. शाळांच्या सहलीही निघतात. घटकाभराचा नौकाविहार, त्यात भीती ती कसली, असे आपण म्हणतो.

पण १७ जुलै १९४७ चा दिवस आठवा. गटारी अमावस्या होती. ‘रामदास’ बोट गर्दी घेऊन मुंबईहून रेवसला निघाली. लाटेने ती कलली, माणसे एका अंगाला धावली, आणि सहाशेहून अधिक जीव गेले. आपल्या डहाणूलाही १३ जानेवारी २०१८ रोजी विद्यार्थ्यांची बोट उलटून तीन मुली दगावल्या.

बैलगाडीत भार मागे गेला की गाडी उलाळते, हे तुम्ही जाणताच. होडीचेही तसेच, फक्त तिथे खाली जमीन नसते.

तेव्हा गुरुजी, बाईंनो, बोट किती माणसांची ते आधी विचारा. मुले काठावरच मोजा. तरंगणारी जाकिटे तिथेच घालून, बंद आवळून पाहा. पाण्यात गेल्यावर कोणी उठू नये, एका बाजूला धावू नये. आणि नावाडी ‘आणखी चौघे मावतील’ म्हणाला, तर खुशाल खाली उतरा. पुढची फेरी मिळेल. नाही मिळाली, तर मुले वाळूत खेळतील. पण संध्याकाळी मोजाल तेव्हा सगळी भरतील.