दुखणें गेलें, पुढें काय?

सांगलीहून मिरजेस जातांना वाटेंत विश्रामबाग लागते. नांवावरून ही विसाव्याची जागा वाटावी. परंतु १९१९ सालीं स्थापन झालेलें विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ सालचें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय हीं दोन्ही येथेंच असल्यामुळें सकाळपासून रात्रीपर्यंत या भागाला विसावा असा नाहीं. विश्राम उरला आहे तो घरांत, आणि तोहि विशेषतः आजारांतून उठलेल्या माणसाच्या वांट्याला. या विश्रामाचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

श्रोतेहो, अशी कल्पना करावी, कीं येथील एका घरांतील साठी उलटलेल्या गृहस्थांना, घरांत त्यांना तात्या म्हणतात, मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने औषधाचीं सलाइनें झालीं आणि शेवटीं डॉक्टरांनीं सांगितलें, कीं आतां शरीरांत रोग दिसत नाहीं. घरांत पेढे वांटले गेले. त्या दिवसापासून तात्यांच्या अंगाला काम म्हणून लागूं दिलें जात नाहीं. "अहो, उठूं नका, पाणी मी देतें," असें पत्नी म्हणते. "तात्या, भाजी मी आणतो, तुम्ही बसा," असें मुलगा म्हणतो. येणारा पाहुणा प्रकृतीची विचारपूस करून जातांना बजावतो, "आतां फक्त आराम." तीन महिन्यांत तात्यांचें जग कॉटपासून आरामखुर्चीपर्यंत येऊन थांबतें. यांत कोणाचाहि दोष नाहीं. जें माणूस जातां जातां राहिलें, त्याला वाऱ्याचीहि झळ लागूं नये, असें वाटणें हें प्रेमच आहे. पण हें प्रेम तात्यांच्या हिताचें आहे काय?

शस्त्रवैद्याची ओळख या भागाला जुनी आहे. मिरजेंत डॉ. विल्यम वानलेस यांचें रुग्णालय १८९४ सालीं सुरू झालें. मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. रोग कापून काढण्याची विद्या याप्रमाणें जवळ आली. रोग काढल्यानंतर जगावें कसें, ही विद्या मात्र आजवर बहुतेक ज्याच्या त्याच्या घरावर सोंपविलेली होती. इंग्लंडांतील शस्त्रवैद्य माइल्स यांनीं गुदाशयाच्या कर्करोगावरील आपली प्रसिद्ध शस्त्रक्रिया १९०८ सालीं मांडली. त्यानंतर शंभर वर्षें उलटलीं, तरी बरा झालेला रोगी चालला तर रोग पुन्हां येण्याचें टळतें काय, या साध्या प्रश्नाला कसोटीवर उतरलेलें उत्तर नव्हतें.

तें उत्तर २०२५ च्या जून महिन्यांत प्रसिद्ध झालें. मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांतील ८८९ रोग्यांवर हा प्रयोग झाला. तो २००९ सालीं सुरू झाला आणि रोगी घेण्याचें व त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचें काम पुढें पंधरा वर्षें चाललें. सर्वांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला होता, सर्वांची शस्त्रक्रिया व औषधयोजना पुरी झालेली होती. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला व्यायाम व आहार यांविषयींचीं छापील पुस्तकें दिलीं. दुसऱ्या गटाला पुस्तकांबरोबर एक मार्गदर्शक दिला. पहिले सहा महिने तो पंधरा-पंधरा दिवसांनीं भेटे, पुढें भेटी कमी होत गेल्या. पण तीन वर्षेंपर्यंत विचारणारें कोणी तरी होतें. करावयाचें काय, तर पूर्वीपेक्षां अधिक हालचाल: बहुतेकांच्या बाबतींत आठवड्यांतून तीन-चार वेळां पाऊण ते एक तास झपाझप चालणें. पांच वर्षांनीं पाहिलें तेव्हां मार्गदर्शकाच्या गटांत शंभरांपैकीं ८० माणसें रोगमुक्त होतीं, पुस्तकांच्या गटांत ७४. आठ वर्षांनीं पहिल्यांत शंभरांपैकीं ९० हयात होतीं, दुसऱ्यांत ८३. शंभरांत सात माणसें म्हणजे कांहीं मोठी गोष्ट नाहीं असें ज्याला वाटेल, त्यानें तीं सात माणसें आपल्या आळींतलीं धरून पाहावीं.

ज्यांचा जन्म पुस्तकें शिकविण्यांत गेला, त्यांनाहि या प्रयोगांतील एक गोष्ट निमूटपणें मान्य करावी लागेल. पुस्तक दोन्ही गटांना मिळालें होतें. फरक पडला तो विचारणाऱ्या माणसामुळें. असा पगारी मार्गदर्शक विश्रामबागेंतील सामान्य कुटुंबाला कोठून मिळणार? परंतु दर आठ दिवसांनीं "किती चाललांत?" असें विचारण्यास पदवी लागत नाहीं. "बसा" म्हणणाऱ्या तोंडानें "उठा" म्हणावें, एवढाच काय तो बदल. आणि खरें सांगावयाचें तर तोच सर्वांत अवघड आहे.

अर्थात् चालण्यालाहि बेत लागतो. हा प्रयोग मोठ्या आतड्यापुरता होता. गुदाशयाचे रोगी त्यांत नव्हते, हें विसरूं नये. व्यायाम करणाऱ्या गटांत गुडघे, कंबर यांचीं दुखणीं कांहींशीं अधिक आढळलीं. म्हणून डॉक्टरांना विचारून, प्रथम दहा मिनिटें, मग पंधरा, असें वाढवीत जावें. पोटाची जखम भरून येईपर्यंत पाण्याची भरलेली बादली उचलूं नये. आणखी एक सूचना या मुलखांत फार जरूरीची आहे. या रोगावर ऑक्झॅलिप्लॅटिन नांवाचें जें औषध पुष्कळदां देतात, त्यानें हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरता येते, आणि ती औषध संपल्यावरहि महिनेच्या महिने, कधीं वर्षेंहि राहते. अशा पायांना खडा टोंचलेला कळत नाहीं, तापलेली फरशी कळत नाहीं. बरें वाटल्याबद्दल गणपतीला अनवाणी जाण्याचा नवस कोणी बोलला असेल, तर देवाची क्षमा मागून पायांत वहाणा घालाव्या, आणि घरीं आल्यावर तळवे पाहावे.

आतां आहार. सांगली ही हळदीची पेठ, त्यामुळें पहिला उपदेश हळदीचाच होतो. भाजींत हळद घालावी, ती घालीत आलोंच आहोंत; परंतु चमचे भरभरून हळद खाल्ल्यानें हा रोग परत येत नाहीं, याला आधार नाहीं. प्रयोगशाळेंतील कांचेच्या नळींत जें घडतें तें माणसाच्या पोटांत घडेलच असें नाहीं. आधार आहे तो निराळ्याच गोष्टीला. अमेरिकेंत या रोगाची शस्त्रक्रिया झालेल्या १,००९ रोग्यांच्या खाण्याचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जेवणांत मांस, मैदा, गोडधोड यांचा भरणा सर्वांत अधिक, त्यांच्यांत रोग उलटण्याचें किंवा मृत्यूचें प्रमाण तो भरणा सर्वांत कमी असलेल्यांच्या सुमारें तिप्पट निघालें. गंमत अशी, कीं फळें-भाज्या अधिक खाणाऱ्यांना त्या अभ्यासांत वेगळा असा लाभ दिसला नाहीं. म्हणजे ताटांत एक कोशिंबीर वाढवून बाकीची बिस्किटें, खारी, जिलबी जशीच्या तशी ठेवली, तर साधलें काय? असे अभ्यास चालण्याच्या प्रयोगाइतके पक्के नसतात, हेंहि खरें. तरी शाळूची भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक हें जेवण सोडून दुखण्यांतून उठलेल्या माणसाला 'शक्ति यावी' म्हणून गोड शिरा भरविण्यांत शहाणपणा नाहीं. मटणाचा रस्सा रोजचा नसावा. खारवलेलें, डब्यांतलें मांस नसावेंच, कारण त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनें २०१५ सालींच कर्करोगकारक ठरविलें आहे. दारू आणि तंबाखू यांविषयीं दोन मतें नाहींत. मिश्री लावणाऱ्या गृहिणींनीं मिश्रीहि तंबाखूच आहे, एवढें लक्षांत ठेवावें.

ज्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेनंतर पिशवी लावलेली असते त्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. प्रारंभीं कांहीं आठवडे त्यांना कोंडा-चोथा कमीच द्यावा लागतो; मग एकेक पदार्थ वाढवावा. शेंगदाणे, ओलें खोबरें, मक्याचें कणीस हीं नीट न चावतां गिळलीं तर वाट तुंबते. तेव्हां शेंगांची चटणी घ्यावयाची ती अगदीं बारीक कुटून. लहान आतड्यावर पिशवी असेल, तर पाणी व मीठ शरीरांतून भराभर जातें. एप्रिल-मे महिन्यांतील आपल्या उन्हांत अशा माणसानें निर्जळी उपास करणें म्हणजे संकटाला बोलावणें आहे. उपास ज्याला सोडवत नाहीं, त्याच्यासाठीं तो घरांतील दुसऱ्या कोणी करावा.

परंतु पिशवीचें खरें दुःख पथ्याचें नाहीं, लाजेचें आहे. पंगतींत शेजारच्याला वास येईल, बसमध्यें आवाज होईल, या भीतीनें माणूस लग्नाला जात नाहीं, देवळांत जात नाहीं, आणि सकाळीं फिरावयासहि जात नाहीं. पिशवी बरोबर बसविली, वेळच्या वेळीं रिकामी केली, तर शेजारी बसलेल्याला तिचा पत्ताहि लागत नाहीं. अंघोळ, प्रवास, चालणें सर्व कांहीं होतें. हें त्याला सांगावयास तसाच दुसरा माणूस लागतो. आणि तो भेटत नाहीं, कारण तोहि आपल्या घरीं हीच गोष्ट झांकून बसलेला असतो.

या झांकाझांकीची किंमत पुढच्या पिढीला द्यावी लागते. २०२२ सालीं भारतांत या रोगाचे सुमारें ७० हजार नवे रोगी झाले असावेत, असा जागतिक अंदाज आहे. पाश्चात्य देशांच्या मानानें हें प्रमाण पुष्कळ कमी. पण ज्या घरांत एकाला हा रोग झाला, त्या घरांतील सख्खे भाऊ, बहिणी, मुलें यांना धोका इतरांहून अधिक असतो. त्यांनीं चाळिशीला, किंवा रोग्याचें वय रोग कळतांना जेवढें होतें त्याच्या दहा वर्षें आधीं, यांपैकीं जें लवकर येईल तेव्हां, दुर्बिणीनें आतडें तपासून घ्यावें असें वैद्यकशास्त्र सांगतें. आंत एखादी लहान गांठ सांपडली तर ती कर्करोग होण्यापूर्वींच काढतां येते. कऱ्हाडच्या भावाला जर 'तात्यांच्या पोटाचें ऑपरेशन झालें' एवढेंच कळविलें असेल, तर तो तपासणीला जाणार कशाला? स्वतः तात्यांचीहि तपासणी संपलेली नाहीं. शस्त्रक्रियेनंतर वर्षानें एकदां दुर्बीण, आणि पहिलीं दोन-तीन वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं रक्ताची तपासणी, असा साधारण क्रम असतो. त्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवाव्या. दुधाच्या हिशेबाशेजारीं त्यांना जागा होईल.

तात्यांच्या घरीं हें काम नातीकडे द्यावें. ती सातवींत आहे, आणि तिला 'आजोबा दमतील' असें वाटण्याइतकी दुनियादारी अजून आलेली नाहीं. दर रविवारीं ती वही घेऊन समोर बसेल आणि विचारील, "आजोबा, या आठवड्यांत किती दिवस?"

"तीन. गुरुवारीं पाऊस होता."

"छत्री होती ना?"