चित्रदालनाचा दरवाजा आणि खापरखेड्याचा कामगार

(खापरखेडा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आहे. सरकारी कागदात त्याचे नाव काहीही असो. लोकांनी त्याला अजब बंगला म्हटले आणि तेच नाव टिकले. कोर्टकचेरीच्या किंवा दवाखान्याच्या कामासाठी शहरात आलेला शेतकरी पोराबाळांना घेऊन अजब बंगल्यात शिरतो, पेंढा भरलेली जनावरे पाहतो, मूर्ती पाहतो, शिलालेखापुढे घटकाभर उभा राहतो. त्या शिलालेखातील एक अक्षरही त्याला लागत नाही. पण ते मोठमोठ्या पदवीधरांनाही लागत नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणून त्या दगडापुढे त्याला लाज वाटत नाही. नवल वाटते, आणि नवल वाटून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे हे तो गृहीत धरतो.

हाच माणूस आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या दारात मात्र का अडखळतो?

ज्या गावात राखेचा प्रश्न सुटलेला नाही, कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतकेच काम आणि निराळे वेतन आहे, त्या गावात चित्रांवर भाषण कशाला, असे कोणाच्याही मनात येईल. शंका रास्त आहे. परंतु खापरखेड्याला तिचे उत्तर इतरांपेक्षा लवकर सापडावे. येथील केंद्राची क्षमता १३४० मेगावॉट आहे. ती वीज वाहिन्यांच्या जाळ्यात गेली की तिला गावाचे नाव राहत नाही. राखेला मात्र राहते. श्रमातून निर्माण झालेली संपत्ती दूर जाऊन उजेड पाडते आणि श्रमिकाच्या वाट्याला तिचा गाळ उरतो, ही तक्रार जर वेतनाच्या बाबतीत खरी असेल, तर सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या कलासंग्रहाच्या बाबतीत ती खोटी कशी ठरेल?

विदर्भातून दरवर्षी ६ डिसेंबरला हजारो माणसे चैत्यभूमीवर जातात. परतीची गाडी रात्री असेल तर मधल्या वेळात त्यांतील अनेकजण गेटवे ऑफ इंडिया पाहून येतात. समजा, कोल हँडलिंगमध्ये काम करणारा एक कामगार आपल्या कुटुंबासह असा निघाला आहे. वाटेत, पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयासमोर, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईची शाखा लागते. तिकीट सिनेमाच्या तिकिटाहून कितीतरी स्वस्त आहे. तो आत गेला, तर काय होईल?

प्रथम पिशव्या ठेवाव्या लागतील, ते ठीकच आहे. मग शांतता लागेल. ती देवळातल्यासारखी नाही, देवळात निदान घंटा वाजते. अर्धगोल सज्जे, वर चढत जाणारे जिने, पांढऱ्या भिंती आणि सर्वांत वर घुमट. पोरगे मोठ्याने काही विचारील आणि आई त्याचा दंड दाबील. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव, साल आणि रंग कोणते वापरले एवढेच असेल. आणि शीर्षकाच्या जागी कित्येकदा ‘शीर्षकहीन’ असा शब्द असेल. चित्र कसले आहे हे समजण्यासाठी चिठ्ठी वाचावी, तर चिठ्ठीच हात झटकून मोकळी होते! रखवालदार, जो स्वतः बहुधा ह्याच्यासारखाच कंत्राटी आहे, मागून चार पावले चालू लागेल. पंधरा मिनिटांत हे कुटुंब बाहेर येईल आणि समुद्रावर जाऊन मोकळा श्वास घेईल. गावी परतल्यावर तो संग्रहालयाला नावे ठेवणार नाही. “आपल्याला काही कळले नाही,” एवढेच सांगेल, आणि खरी इजा ह्या वाक्यात आहे.

गंमत अशी की ही वास्तू मुळात सभागृह होती. जॉर्ज विटेट ह्या वास्तुविशारदाने आराखडा केलेला हा सर कावसजी जहांगीर हॉल मैफलींसाठी आणि राजकीय सभांसाठी वापरला गेला. पुढे त्याचे वैभव ओसरले. मुष्टियुद्धे, लग्नाचे स्वागतसमारंभ, चामडी कपड्यांचे सेल ह्यांच्याबरोबरीने तेथे कामगार संघटनांच्या सभाही भरू लागल्या. पिलू पोचखानवाला, केकू गांधी अशा कलाक्षेत्रातील मंडळींनी चिकाटी धरली, काही वर्षे काम चालले आणि १९९६ साली तेथे आधुनिक कलेचे राष्ट्रीय दालन उघडले. ही गोष्ट चांगलीच झाली, सेलपेक्षा चित्रे केव्हाही बरी. पण ज्या जमिनीवर एके काळी कामगार खुर्ची ओढून बसत होता, तेथे आज तो चवड्यांवर चालतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि भिंतीवरची ही मंडळी तरी कोण आहेत? १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्याच्या सहा संस्थापकांपैकी दोघांचा, सय्यद हैदर रझा आणि हरी अंबादास गाडे ह्यांचा, कलाभ्यास नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये सुरू झाला. रझा मंडला जिल्ह्यातील, वनखात्यातील नोकराचा मुलगा. गाडे अमरावती जिल्ह्यातील. पुढे ह्या गटाशी जोडले गेलेले वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरातच जन्मले. उरलेल्यांत कृष्णाजी आरा ह्यांनी घरगडी म्हणून काम केले होते, मोटारी धुतल्या होत्या आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला होता. हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. सूझा त्या काळी कम्युनिस्ट पक्षात होते. म्हणजे खापरखेड्याचा कामगार ज्या भिंतीपुढे संकोचतो, त्या भिंतीवर त्याचे शेजारी, त्याच्या वर्गाची माणसे आणि त्याच्या चळवळीतले सोबती टांगलेले आहेत. चिठ्ठी हे सांगत नाही. वर्तमानपत्र सांगते ते फक्त किंमत. हुसेन ह्यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले, ही बातमी सर्वत्र छापून आली. भारतीय खेड्याचे ते चित्र कित्येक दशके ऑस्लोच्या एका रुग्णालयाच्या मालकीचे होते, हा तपशील मात्र अनेकांच्या नजरेतून निसटला. तेथील आजाऱ्यांपैकी कोणालाही ते ‘कळते’ की नाही, असे कोणी विचारले नसेल.

‘कळणे’ ही काय वस्तू आहे? पिएर बूर्द्यू आणि आलँ दार्बेल ह्या फ्रेंच अभ्यासकांनी युरोपातील पाच देशांच्या कलासंग्रहालयांतील प्रेक्षकांची पाहणी करून १९६६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की दरवाजा सर्वांना उघडा असतो, परंतु आत येतात ते शिकलेल्या घरचेच. आणि प्रवेश फुकट केला म्हणून हे गणित बदलत नाही. अल्पशिक्षित प्रेक्षकाला दिशा दाखवणारे बाण, माहितीचे फलक, सोबत एखादा जाणता माणूस हवा असतो, कारण त्यावाचून आपण येथे चुकून आलो आहोत ही भावना त्याला सोडत नाही. उलट सुशिक्षित प्रेक्षक असल्या मदतीला नाक मुरडतो. कलेची आवड हा जन्मजात गुण नसून ती शिकवणुकीची मिळकत आहे. ज्याला वारसाहक्काने मिळाली तो तिला स्वतःची प्रतिभा समजतो, आणि ज्याला मिळाली नाही तो स्वतःला मठ्ठ समजतो. जमिनीच्या मालकीबद्दल हीच लबाडी समाजवाद्यांनी फार पूर्वी ओळखली होती. नजरेच्या मालकीकडे मात्र दुर्लक्ष झाले.

वास्तविक कामगाराची नजर अशिक्षित असते हे म्हणणेच चुकीचे आहे. बॉयलरवरचा अनुभवी माणूस झरोक्यातून ज्वालेचा रंग पाहतो आणि भट्टीत काय बिघडले ते ताडतो. चिमणीच्या धुराची छटा पाहून त्याला कोळशाची जात कळते. सिल्लेवाडा, वलनीच्या भूमिगत खाणींत काम केलेल्या माणसाने छत ठोकून त्याच्या आवाजावर आपला जीव तोलला आहे. वस्तूचा आकार नसतानाही रंगाच्या फरकातून अर्थ काढणे हे जर त्याचे रोजचे काम असेल, तर गायतोंडे ह्यांच्या एकाच रंगाच्या अनेक थरांपुढे तो इतका परका का ठरावा? त्या चित्रांतही वस्तू नाहीत. प्रकाश थराथरांतून हळूहळू वर येतो. घाई केली तर ते चित्र रिकामे दिसते, दहा मिनिटे दिली तर दिसत नाही. ही दहा मिनिटे द्यायला कोणी त्याला सांगितलेले नाही, एवढीच उणीव आहे.

येथे डाव्या चळवळीने आपलेही माप पदरात घ्यावे. मूठ आवळलेला मजूर आणि त्याच्या मागे उगवता सूर्य ह्यापलीकडचे चित्र म्हणजे धनिकांचे चोचले, असे कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे ऐकवले गेले. ह्या शिकवणीने धनिकांचे काही बिघडले नाही. त्यांनी चित्रे विकत घेतली. कामगाराच्या वाट्याला भित्तिपत्रके राहिली.

असेच व्हावे असा काही नियम नाही. चिलीमध्ये १९७१ साली आयेंदे सरकारने तांब्याच्या मोठ्या खाणी राष्ट्रीय मालकीच्या केल्या, आणि त्याच वर्षी जगभरच्या कलावंतांना चिलीच्या जनतेला चित्रे भेट देण्याचे आवाहन करण्यात आले. ब्राझीलच्या हुकूमशाहीतून परागंदा झालेले समीक्षक मारियो पेद्रोसा ह्यांनी ते काम अंगावर घेतले. होआन मिरो ह्यांनी कोंबड्याचे चित्र धाडले. मे १९७२ मध्ये ऐक्यभावाचे हे संग्रहालय उघडले. तेथे खाणकामगाराला समजेल असे सोपे काही पाठवा, अशी अट कोणालाही घातली नव्हती. जे उत्तम तेच त्याच्यासाठी, एवढाच हिशेब होता. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर चित्रे दडपली गेली, काही तळघरांत पडली. परदेशात हेच संग्रहालय प्रतिकाराचे संग्रहालय म्हणून चालू राहिले आणि १९९१ साली मायदेशी पुन्हा उघडले. हुकूमशहांना आधुनिक चित्रे कळत नसतील, पण ती कोणाची आहेत हे बरोबर कळते.

इतके दूर जायचे नसेल तर भोपाळ आहे. तेथील भारत भवन फेब्रुवारी १९८२ मध्ये उघडले. त्यातील रूपंकर ह्या कलासंग्रहालयाचे पहिले संचालक जगदीश स्वामिनाथन तरुणपणी काँग्रेस समाजवादी पक्षात होते, हे येथे आवर्जून सांगायला हवे. त्यांनी आदिवासींची आणि शहरी चित्रकारांची कामे एकाच छताखाली समान दर्जाने मांडली. रझांच्याच मंडला जिल्ह्यात तेव्हा असलेल्या पाटणगढचा परधान गोंड तरुण जनगढसिंह श्याम ह्या शोधातून पुढे आला. जनगढचा शेवट २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात, घरापासून दूर, आत्महत्येत झाला. त्याचीही आठवण ठेवावी, कारण कलावंताला दालनात जागा देणे आणि त्याच्या श्रमाची काळजी वाहणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आणि महाराष्ट्रात, ठाण्यात अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता गिरण्यांचे, लोकलचे, कामगारवस्तीचे चित्रण केलेले सुधीर पटवर्धन आहेत. मुंबईबाहेरच्या शहरांत आजची चित्रकला पोचावी म्हणून २००८-०९ मध्ये फिरते प्रदर्शन निघाले, त्याची मांडणी त्यांनी केली. चित्रे प्रवास करू शकतात, विमा उतरवता येतो, पेट्या बांधता येतात, हे त्यातून सिद्ध झाले आहे. जो मार्ग एका खाजगी प्रयत्नाला सापडला, तो राष्ट्रीय म्हणवणाऱ्या संस्थेला सापडू नये ह्याचे कारण काय?

ह्या संस्थेचा कारभारही सध्या लोकांपासून दूर जात आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या दालनात प्रभाकर बरवे ह्यांच्या चित्रांच्या उद्‌घाटनप्रसंगी अमोल पालेकर ह्यांनी स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाल्याबद्दल प्रश्न उपस्थित केला, तेव्हा त्यांना बोलताना अडवण्यात आले. त्या वेळी निषेध केला तो कलावंतांनी. कामगार संघटनांनी ते आपले प्रकरण मानले नाही.

तेव्हा मागण्या थोड्या आणि साध्या असाव्यात. मराठीतून चार वाक्यांची चिठ्ठी प्रत्येक चित्राजवळ असावी, तीत रंगाच्या जातीपेक्षा माणसाची माहिती असावी. ठराविक दिवशी मराठीतून समजावून सांगणारा माणूस असावा, आणि त्याला धड पगार असावा. राष्ट्रीय संग्रहातील काही चित्रे दरवर्षी नागपुरात यावीत. रझा, गाडे, गायतोंडे ह्यांच्यावर नागपूरचा एवढा हक्क निश्चित आहे. पत्र संघटनेच्या शिक्क्यानिशी जावे. व्यक्तीच्या पत्राला पोच मिळते, संघटनेच्या पत्राला उत्तर द्यावे लागते.

ह्या मागण्या मान्य होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. पुढच्या ६ डिसेंबरला जे मुंबईला जातील, त्यांनी एक दिवस अधिक काढावा. पाच-दहाजणांनी मिळून आत जावे, लहान मुलांना बोलू द्यावे. प्रत्येकाने सगळी चित्रे पाहण्याचा अट्टाहास न करता एकच निवडावे, त्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे, आणि परतीच्या गाडीत ते इतरांना वर्णन करून सांगावे. दालन सोमवारी बंद असते, तेवढे मात्र पाहून घ्यावे.