गावी परतताना हिशोब लेखी घ्या



मृग जवळ आला आहे.
पुसद, उमरखेड, महागाव, आर्णी भागांतली कामाला गेलेली कुटुंबं आता गावाकडे निघतील.
कुणी परराज्यातल्या वीटभट्टीवरून,
कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावरून.

निघण्याआधी एक काम नक्की करा.
हिशोब लेखी घ्या.

उचल किती घेतली होती?
त्यातली किती फिटली?
हाती किती येणं आहे?
मुकादमाकडून हे कागदावर घ्या. खाली त्याची सही घ्या.
वाचता येत नसेल, तर शिकलेल्या लेकीला शेजारी बसवा.
त्याच्या वहीतल्या पानाचा फोटो काढून ठेवा.
तोंडी हिशोबात तंटा झाला, की नुकसान मजुराचंच होतं.

पैसे शक्यतो बँक खात्यात मागा.
खात्यातली नोंद हा पुरावाच असतो.

आता मुलांचं.
आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात.
म्हणजे अजून वेळ आहे.
शाळा सोडल्याचा दाखला हाती नाही?
तरी लेकराला प्रवेश मिळतो.
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही.

तान्ह्या बाळाचं लसीकरण कार्ड आशाताईंना दाखवा.

आणि पुन्हा सांगते,
हिशोब लेखी घ्या, मगच गाडीत बसा.

मजुरी अडलीच, तर गप्प बसू नका.
जिथे काम केलं, तिथल्या कामगार कार्यालयात तक्रार करा.
मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी क्रमांक आहे १५१००.
एक, पाच, एक, शून्य, शून्य.