वस्तीचा धर्म आणि चुलीचा हिशेब



औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, लोकसंख्या १९७१ साली दीड लाखाच्या आसपास होती. २०११ साली ती पावणेबारा लाख झाली. १९७२ च्या दुष्काळाने आणि पुढे चिकलठाणा-वाळूजच्या कारखान्यांनी मराठवाड्यातील खेडी या शहरात आणली. सिडकोने घरे बांधली, पण ती उत्पन्नगटांनुसार वाटली. ज्याला हप्ता झेपला तो तिकडे गेला. ज्याला झेपला नाही तो जुन्या मोहल्ल्यात वा झोपडपट्टीत आपल्याच समाजाच्या आधाराने राहिला. १९८८ च्या दंगलीने या विभागणीवर भीतीचे शिक्कामोर्तब केले.

२०११ च्या जनगणनेत शहरात हिंदू सुमारे ५१, मुस्लिम ३१ आणि बौद्ध १५ टक्के होते. मात्र घरात पगार किती येतो, हे जनगणना विचारीतच नाही. म्हणून वस्तीचा धर्म सर्वांना ठाऊक असतो. तिच्या चुलीचा हिशेब कोणापाशी नसतो. मग मतेही धर्मावरच मागितली जातात.

हा हिशेब कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मांडला पाहिजे. किराडपुऱ्यातील आणि भीमनगरातील रोजंदाराची मिळकत शेजारी-शेजारी लिहिली गेली, तर घर, पाणी आणि रोजगार यांची मागणी दोघांना एकाच अर्जावर करता येईल.